शोकाची सोबत : पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा एक पैलू

१

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार आजवर प्रामुख्याने तीन अंगांनी झाला आहे. संस्कृत शास्त्रपुराणांत पारंगत असलेली विदुषी, स्त्रीशिक्षणाची व विधवांच्या पुनर्वसनाची आद्य पुरस्कर्ती आणि हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती झालेली स्त्री अशी ही तीन अंगे होत. देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० साली लिहिलेल्या चरित्रापासून मीरा कोसंबी यांच्या संशोधनापर्यंत या तिन्ही अंगांवर पुष्कळ प्रकाश पडला आहे. परंतु ही अंगे एकमेकांशी जोडली कशी गेली, पुराणे सांगणारी मुलगी केडगावच्या माळावर दुष्काळपीडितांची आई कशी झाली, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंच्या आयुष्यातील मृत्यूंमध्ये, अधिक नेमकेपणाने सांगायचे तर त्या मृत्यूंच्या वेळी जवळ कोण होते आणि कोण नव्हते यामध्ये, शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१८७४ ते १८८३ या अवघ्या दहा वर्षांच्या काळात रमाबाईंनी वडील, आई, थोरली बहीण, भाऊ, पती आणि परदेशातील सोबतीण अशी सहा माणसे गमावली. त्या वेळी त्यांनी वयाची पंचविशी नुकती गाठली होती. इतके मृत्यू सोसणारी माणसे त्या काळात विरळा नव्हती. पटकी, दुष्काळ आणि बाळंतपण यांनी घरेच्या घरे उठत. रमाबाईंचे वेगळेपण असे की आपल्या वाट्याला आलेल्या शोकातील एकटेपणा त्यांनी नीट ओळखला आणि पुढील चाळीस वर्षे तो एकटेपणा दुसऱ्यांच्या वाट्याला येऊ नये यासाठी खर्च केली.

मराठीत मृत्यू झालेल्या घरी भेटीस जाण्याला समाचाराला जाणे असे म्हणतात. हा शब्द अर्थपूर्ण आहे. समाचाराला जाणाऱ्याने काही विशेष बोलावे अशी अपेक्षा नसते; त्याने जावे, बसावे, इतकेच. शेजारपाजारचे लोक दुखवट्याच्या घरी पिठले-भात पाठवितात, प्रेताला खांदा देतात. ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती गावांतही हाच भाव वेगळ्या विधींतून प्रकट होतो. मीरा-भाईंदरमधील उत्तन व डोंगरी आणि त्यांना लागून असलेले गोराई येथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमदानीपासूनचा आहे. वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला व १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्या दोन शतकांत येथील कोळी, शेतकरी व इतर समाजांतील कुटुंबे कॅथलिक झाली. घरात मृत्यू झाला की शेजारी जमून प्रार्थना म्हणतात, सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा होते. या समाजाचा ख्रिस्ती धर्म वंशपरंपरेने आलेला आहे आणि शोकातील सोबत हा तेथे गावाचा रिवाज आहे.

रमाबाईंना असे गाव कधी लाभले नाही. त्यांचे कुटुंब तीर्थाटन करणारे, एका ठिकाणी न रुजलेले. म्हणून त्यांच्या बाबतीत सोबत हा रिवाज होऊ शकत नव्हता. तो त्यांना निर्णयाने उभा करावा लागला. त्यांच्या श्रद्धेचा अर्थ लावताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, विद्वान आणि आपल्या मतांसाठी किंमत मोजणारे होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे शास्त्रसंमत आहे असे त्यांचे मत होते व त्याप्रमाणे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले. या मताबद्दल त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच या कुटुंबाने अरण्यातील आश्रम सोडला आणि तीर्थक्षेत्रे व देवळे यांच्या आश्रयाने पुराणे सांगत फिरण्यास प्रारंभ केला. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते आईने. भागवताचे हजारो श्लोक त्यांना किशोरवयातच मुखोद्गत झाले होते.

पुराणिकाचा व्यवसाय श्रोत्यांच्या दक्षिणेवर चालतो. अवर्षण पडले की सर्वांत आधी आटते ती दक्षिणा. दक्षिणेतील दुष्काळाच्या काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. शारीरिक श्रमाची कामे करण्याचे शिक्षण मुलांना मिळालेले नव्हते आणि भीक मागण्याची लाजही सुटत नव्हती. १८७४ साली अनंतशास्त्री गेले. त्यांच्या पाठोपाठ काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई गेल्या. आजारी आईला भाकरीचा तुकडा हवा होता, म्हणून रमाबाई एका घरी मागण्यास गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना; त्या घरच्या बाईनेच ओळखून भाकरी दिली. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदविला आहे. आईच्या मृत्यूनंतर स्मशान दूर आणि खांदा देण्यास पुरेशी माणसे नाहीत, अशी स्थिती झाली. कसेबसे दोन ब्राह्मण दयेने पुढे आले, भाऊ श्रीनिवास होता आणि चौथी जागा रमाबाईंनी घेतली. उंची कमी असल्याने त्यांना तिरडीचा भार खांद्यावर पेलता येईना. तो त्यांनी डोक्यावर घेतला.

चरित्रकार हा प्रसंग सहसा दारिद्र्याचे उदाहरण म्हणून सांगतात. त्याचा आणखी एक अर्थ आहे. ज्या समाजासमोर या कुटुंबाने आयुष्यभर धर्मकथा सांगितल्या, त्या समाजातील श्रोते अंत्यसमयी जवळ नव्हते. श्रवणाचे पुण्य घेऊन श्रोते आपापल्या घरी गेले होते. धर्माचे शब्द आणि धर्माची सोबत यांतील हे अंतर सोळा वर्षांच्या मुलीने प्रेताच्या भाराखाली अनुभवले. त्यानंतर थोरली बहीणही पटकीने गेली. उरलेली दोन भावंडे उत्तरेत काश्मीरपर्यंत भटकली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली.

कलकत्त्याने रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या वर्तुळात त्यांचे स्वागत झाले. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास दिले. कीर्ती आली तसे दुःखही मागोमाग आले. १८८० साली श्रीनिवासशास्त्री निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या कायस्थ वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा आंतरजातीय, आंतरप्रांतीय विवाह दोन्ही समाजांना रुचला नाही. संसार सिल्चर येथे होता. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांच्या रमाबाई मांडीवरील मुलीसह विधवा झाल्या.

विधवेच्या शोकाला उच्चवर्णीय हिंदू समाजाने दिलेले स्थान येथे लक्षात घेतले पाहिजे. इतर आप्तांचे सुतक दहा दिवसांनी फिटते आणि घर पुन्हा व्यवहारात येते. विधवेचे सुतक मात्र कधी फिटतच नसे. केशवपन, एकभुक्त राहणे, मंगल प्रसंगी समोर न येणे या सर्व निर्बंधांचा अर्थ एकच होता : ज्या व्यक्तीला सोबतीची सर्वाधिक गरज, तिच्याजवळ बसणे समाजाने अशुभ ठरविले होते. दुःखी माणसाचा समाचार घेण्याची चाल असलेल्या समाजाने आपल्याच घरातील एका दुःखी व्यक्तीला समाचाराच्या कक्षेबाहेर टाकले होते. रमाबाईंच्या पुढील सर्व कार्याचे मूळ या विसंगतीत आहे.

३

१८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांच्या साह्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगासमोर साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. स्वतः वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ साली त्या मनोरमा आणि आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे उतरल्या. त्यांची श्रवणशक्ती कमी झालेली असल्याने वैद्यकाचा मार्ग पुढे बंद झाला.

वाँटेज येथे आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. सक्तीच्या धर्मांतराची भीती त्यांच्या मनाने घेतली होती. या आघाताने रमाबाई खचल्या. काही काळाने त्या ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी राहिल्या तेव्हा त्यांना रात्री एकटे झोपणे अशक्य झाले होते आणि एक दासी त्यांच्या खोलीत झोपत असे, अशी नोंद म्युलर यांनी आपल्या आठवणींत केली आहे. तपशील लहान आहे, पण अर्थाने मोठा आहे. भारतातील विद्वत्सभा गाजविणाऱ्या पंडितेला त्या रात्री युक्तिवाद नको होता. खोलीत दुसऱ्या कोणाचा तरी श्वास हवा होता. त्या अनाम दासीने केले तेच काम पुढे केडगावला शेकडो खोल्यांतून झाले.

याच सुमारास भगिनीसंघाने रमाबाईंना लंडनमधील फुलम येथील आपले सेवाकार्य दाखविले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची तेथे ममतेने काळजी घेतली जात होती. अशा स्त्रियांना कोणी जवळ करावे असे आपण वाचलेल्या कोणत्याही शास्त्रात रमाबाईंना आढळले नव्हते. या वागण्याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. ख्रिस्ताची पुस्तकी ओळख त्यांना आधीच होती. सिल्चरला पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकचे बंगाली शुभवर्तमान सापडले होते आणि बॅप्टिस्ट मिशनरी आयझॅक ॲलन यांच्याकडून त्यांनी काही ऐकले होते. फुलम येथे त्यांना शब्दांमागील कृती दिसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाला शोकाने खचलेल्या मनाचा दुबळेपणा म्हणण्याचा मोह होऊ शकतो आणि तत्कालीन टीकाकारांना तो झालाही. पण बाप्तिस्म्यानंतरचा इतिहास या मताला दुजोरा देत नाही. भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. आपला विवेक चर्चच्या अधिकाऱ्यांकडे गहाण टाकण्यास रमाबाई तयार नव्हत्या, हे त्या पत्रांवरून स्पष्ट होते. कोणते मत मानावे, मनोरमेला काय शिकवावे, स्वतः कोणास शिकवावे याबाबत त्यांनी वरिष्ठांशी सातत्याने वाद घातला. सोबत स्वीकारली म्हणून आज्ञाधारकताही स्वीकारली असे झाले नाही. सोबत आणि सत्ता यांतील हा भेद त्यांनी स्वतःसाठी केला. तो पुढे त्यांना इतरांसाठीही करावा लागणार होता.

४

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी मार्च १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत सुमारे अडीच वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले आहे. त्याच वर्षी बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे आर्थिक साह्य करण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले; पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. माझे पुराण हे तिचे आत्मचरित्र मराठी स्त्री-आत्मचरित्रांच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते.

शारदा सदनातील व्यवस्था या लेखाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील असे ठरले होते. ब्राह्मण मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. स्वयंपाकही त्यांच्या आचाराप्रमाणे होत असे. केशवपन केलेल्या, माहेरी ओझे आणि सासरी अपशकुन ठरलेल्या मुलींना येथे प्रथमच एका पंगतीत हसता आले, केस वाढविता आले, बागेत फिरता आले. त्यांच्याबरोबर राहणारी बाई स्वतः विधवा होती. समाचाराला येणारा माणूस उठून घरी जातो. रमाबाई उठून जाणार नव्हत्या.

रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि तिचे दार उघडे असे. कोणी यावे अशी सक्ती नव्हती, येऊ नये असा मज्जावही नव्हता. काही मुली येऊन बसू लागल्या. येथेच वादाला तोंड फुटले. १८९३ साली केसरीने आणि अन्य पत्रांनी शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप केला. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

या वादाची फेरतपासणी करताना दोन्ही बाजूंचे म्हणणे गांभीर्याने घेतले पाहिजे. सुधारकांची अडचण खरी होती. ज्या मुलीला आई-वडिलांनी तटस्थतेच्या भरवशावर पाठविले, तिचे मन श्रद्धावान आश्रयदात्रीच्या सहवासात तटस्थ राहील असे मानणे भाबडेपणाचे होते. जिने जवळ घेतले तिचा देव जवळचा वाटणे हे मनुष्यस्वभावास धरून आहे. पण रमाबाईंचीही अडचण तितकीच खरी होती. ज्या श्रद्धेच्या बळावर आपण दुःखितांजवळ बसू शकतो ती दाराआड लपवून बसणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. उघड्या दाराचा तोडगा म्हणजे या दोन अडचणींमध्ये त्यांनी शोधलेली वाट होती. ती समाजाला पटली नाही.

५

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तत्पूर्वी रमाबाई वेष पालटून वृंदावनला जाऊन तेथील विधवांची स्थिती पाहून आल्या होत्या. दुष्काळाची वार्ता कळताच त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहताना त्यांना आपल्या घराचा दुष्काळ आठवला, हे त्यांच्या लेखनावरून दिसते. त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया पुण्याकडे आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता आणि नव्या लोकांना शहरात ठेवण्यावर निर्बंध होते. पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर केडगाव येथे शारदा सदनासाठी आधीच शेतजमीन घेतलेली होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या व त्यांतून मुक्ती सदन आकाराला आले. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांच्या होणाऱ्या हालांबद्दल रमाबाईंनी वृत्तपत्रातून सरकारवर जाहीर टीका केली. ख्रिस्ती असूनही राज्यकर्त्यांच्या बाजूला त्या उभ्या राहिल्या नाहीत. ज्यांची माणसे इस्पितळात होती त्यांच्या बाजूला राहिल्या.

१९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मोठ्या संख्येला सोबत देणे म्हणजे काय, याचे उत्तर तेथील रोजच्या कामात मिळते. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना अशी अनेक कामे स्त्रियाच चालवीत. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलमच्या भेटीचे ते भारतीय रूप होते. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था होती. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून येथे तिचे शिक्षण सुरू केले. आधी आलेल्या मुली नव्याने आलेल्यांना न्हाऊ-माखू घालीत, जखमा धूत, आजाऱ्याजवळ रात्र काढीत. दुष्काळातून आलेल्या अनेक मुली मुक्तीत पोहोचूनही वाचल्या नाहीत. त्या मेल्या तेव्हा त्यांच्याजवळ कोणीतरी होते, एवढे संस्थेला करता आले.

ज्याने दुःख भोगले त्यानेच दुसऱ्याच्या दुःखापाशी बसावे, ही मुक्तीची खरी कार्यपद्धती होती. ख्रिस्ती धर्मशास्त्रात तिला आधार आहे. ख्रिस्ताचे दुःखभोग हा त्या श्रद्धेचा गाभा असून देव माणसाच्या दुःखात उतरला असे ती मानते. प्रॉटेस्टंट परंपरेत मृतांसाठी प्रार्थना करण्याला सामान्यतः स्थान नाही. म्हणून रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील श्रद्धेचे लक्ष मृताच्या गतीपेक्षा मागे राहिलेल्यांवर अधिक केंद्रित झाले. उत्तन-डोंगरीच्या कॅथलिक परंपरेत शेजारी मृतासाठी प्रार्थना करताकरता जिवंतांना सोबत देतात. केडगावला ती सोबत थेट जिवंतांच्या सेवेतून आली. मार्ग दोन असले तरी दुःखी माणसाला एकटे टाकायचे नाही हे सूत्र समान आहे.

परंतु येथे १८९३ चा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. मुक्तीत तटस्थतेचे बंधन उरले नव्हते. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. १९०५ साली तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले व त्याची वार्ता जगभर पोहोचली. भुकेने मरणाच्या दारी आलेल्या पोरक्या मुलीला खरोखर निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न अभ्यासकाने टाळता कामा नये. स्वतः वाँटेजच्या भगिनींसमोर विवेकाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या रमाबाई आता आश्रयदात्रीच्या जागी होत्या, आणि त्या जागेवरून स्वातंत्र्य देणे हे मागण्याहून कठीण असते. या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंच्या हेतूच्या शुद्धतेवरून देता येणार नाही; हेतू शुद्ध होता यात शंका नाही. त्याचबरोबर हेही नोंदविले पाहिजे की त्या मुलींना आश्रय देण्यास पुढे आलेले हात थोडे होते आणि टीकाकारांपैकी फार थोड्यांनी दुष्काळी प्रदेशाचा रस्ता धरला. कर्व्यांनी १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम हे हिंदू समाजाने दिलेले खरे उत्तर होते; त्यामागे शारदा सदनाचा अनुभव उभा होता.

६

मराठीच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे या अनुभवाने रमाबाईंच्या भाषेत घडविलेला पालट. त्यांच्या आरंभीच्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकात उपदेशकाची संस्कृतप्रचुर शैली आहे. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात ती अधिक मोकळी व चिकित्सक होते. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर एकहाती पूर्ण केले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. हे भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळवून छापले.

प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतनिष्ठ असून खेड्यातील अशिक्षित बाईला ती कळत नाही, अशी रमाबाईंची तक्रार होती. तसेच हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द वापरल्याने अर्थाचा घोटाळा होतो, असेही त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी साधे, बोलीला जवळचे शब्द निवडण्याचा प्रयत्न केला. मूळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याच्या आग्रहामुळे त्यांचे वाक्य कोठे कोठे अडखळते आणि ख्रिस्ती मंडळ्यांत हे भाषांतर सार्वत्रिक रूढ झाले नाही, हे खरे आहे. तरीही संस्कृतात वाद घालून पदवी मिळविलेल्या विदुषीने संस्कृताचा भार जाणीवपूर्वक खाली ठेवला, ही मराठी गद्याच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. ज्यांच्याजवळ बसायचे त्यांना कळेल अशा भाषेत बोलायचे, ही तिच्यामागची निष्ठा होती. पुराणिकाची भाषा वरच्या आसनावरून खाली येते; समाचाराला आलेल्याची भाषा जमिनीवर बसलेली असते. रमाबाईंचा भाषिक प्रवास या दोहोंमधील अंतराचा आहे.

७

संस्थेची वारसदार म्हणून रमाबाईंनी मनोरमेला घडविले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमेचे निधन झाले. त्या चाळीस वर्षांच्या होत्या. रमाबाई स्वतः तेव्हा प्रकृतीने खालावल्या होत्या. १८८२ साली पती गेला तेव्हा मांडीवर जी होती, तीही आता गेली. मात्र या वेळी परिस्थिती पहिल्यासारखी नव्हती. तिरडीला खांदा मिळत नाही म्हणून डोक्यावर भार घेणाऱ्या मुलीभोवती आता शेकडो स्त्रिया होत्या. त्यांतील कितीतरी जणींच्या शोकाच्या वेळी रमाबाई त्यांच्याजवळ बसल्या होत्या. दिलेली सोबत त्यांच्याकडे परत आली, आणि तिच्या आधाराने त्यांनी भाषांतराचे उरलेले काम चालू ठेवले. अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या मूल्यमापनात त्यांचे धर्मांतर हा अजूनही वादाचा मुद्दा आहे. एका पक्षाला त्यांचे समाजकार्य हवे असते, श्रद्धा नको असते. दुसऱ्या पक्षाला श्रद्धेचा गौरव हवा असतो, तिच्याशी निगडित प्रश्न नको असतात. शोक आणि सोबत या अंगाने पाहिले असता हे दोन्ही पक्ष अपुरे ठरतात. त्यांचे कार्य त्यांच्या श्रद्धेपासून वेगळे काढता येत नाही, कारण दुःखितापाशी टिकून राहण्याचे बळ त्यांना तिच्यातून मिळत होते. आणि त्यांची श्रद्धा प्रश्नांपासून मुक्त करता येत नाही, कारण आश्रय देणाऱ्याचा देव आणि आश्रय घेणाऱ्याचे स्वातंत्र्य यांतील ताण त्यांच्या संस्थेत अखेरपर्यंत राहिला. दुःखितांसाठी काम करणारी कोणतीही श्रद्धा, ती कोणत्याही धर्माची असो, या ताणातून सुटत नाही. रमाबाईंनी तो ताण टाळण्यासाठी दूर राहणे पत्करले नाही. केडगावला त्यांनी लावलेली संस्था आजही निराधार स्त्रियांसाठी व मुलांसाठी कार्यरत आहे. मराठी चरित्रलेखनाने रमाबाईंच्या विद्वत्तेची आणि बंडखोरीची नोंद पुरेशी घेतली आहे. त्यांच्या या बसून राहण्याची नोंदही तितक्याच गंभीरपणे घेतली जावी.